‘टेक’विषयी खुलासा व्हावा

शेरेबुवांनी सेक्शन हेडच्या खुर्चीचं माप आधीच घेऊन ठेवलं होतं. अलंकारिक अर्थाने नव्हे, चांगलं टेप लावून. वजनमापे खात्यात उभी नोकरी काढलेला माणूस अंदाजपंचे उशी शिवून घेईल हे शक्यच नव्हतं. सेक्शन हेड जेवायला कँटीनमध्ये गेले की शेरेबुवा फाईल ठेवायच्या निमित्ताने केबिनमध्ये शिरायचे, लांबी घ्यायचे, रुंदी घ्यायचे आणि परत येऊन आपल्या जागेवर पाण्याच्या कूलरकडे तोंड करून बसायचे. त्या कूलरचं तोंड त्यांनी बायकोच्या तोंडापेक्षा जास्त पाहिलं होतं. सेक्शन हेड महिनाअखेरीस निवृत्त होणार, सेवाज्येष्ठतेच्या यादीत शेरेबुवा पहिले, तेव्हा खुर्ची त्यांचीच. उशीचं कापडसुद्धा ठरलं होतं. मरून.

ऑफिस त्यांना शेरेबुवा म्हणायचं, कारण हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर शेरा मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. वाण्याच्या तराजूला शिक्का द्यायचा असो की ऑफिससाठी झाडू घ्यायचा असो, शेरेबुवा चष्मा कपाळावर सरकवून लिहिणार : ‘खुलासा व्हावा.’ झाडू आल्यावर तो कोणत्या बाजूने मारायचा याचाही खुलासा ते मागवतील, असं लोक म्हणत. लोक काय, काहीही म्हणतात. पण मागच्या खेपेला त्यांनी खरंच मागवला होता.

यादीत दुसरा नंबर होता होयबाचा. हा माणूस जन्मात कुणाला नाही म्हणाला नव्हता. साहेब म्हणाले आज उकडतंय, की हा म्हणणार, हो ना सर, काय उकडतंय. साहेब म्हणाले, छे, गार आहे, की लगेच बाह्या खाली करणार. ऑफिसात लागला तेव्हा त्याला फायलीची नाडी बांधता येत नव्हती. शेरेबुवांनी शिकवली. पुढे टिपण लिहायला शिकवलं, रजेचा अर्ज शिकवला, साहेब चिडले असताना केबिनच्या झुलत्या दारात किती अंतरावर उभं राहायचं तेही शिकवलं. शेरेबुवा त्याला ‘अरे’ म्हणत आणि तो त्यांना ‘शेरेबुवा’ म्हणे. जगाची घडी अशी व्यवस्थित बसलेली होती.

ती विस्कटली मुख्यालयातल्या नव्या संचालिका बाईंमुळे. या बाई कुठूनशा मोठ्या शिकून आल्या होत्या आणि इंग्रजीशिवाय एक अक्षर बोलत नव्हत्या. सगळ्या सेक्शन हेडांशी रोज सकाळी आपण स्वतः फोनवर बोलणार, असं त्यांनी जाहीर केलं. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण बोलतो आणि पलीकडून नुसता श्वासोच्छ्वास ऐकू येतो. मग परिपत्रक निघालं. यापुढे ज्याला सेक्शन हेड व्हायचं असेल त्याने इंग्रजीतल्या एका साध्या, रोजच्या क्रियापदाचे अर्थ आणि उपयोग यांवर पाच मिनिटं इंग्रजीत बोलून दाखवायचं. परीक्षा त्या-त्या ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी घ्यायची. शेरेबुवांच्या ऑफिसच्या वाट्याला क्रियापद आलं ‘टेक’.

“सोप्पं आहे की,” होयबा म्हणाला. “टेक म्हणजे घेणे.”

“अरे, मग उरलेली चार मिनिटं पन्नास सेकंद काय करशील?”

होयबाने विचार केला. “हसेन,” तो म्हणाला.

शेरेबुवा कूलरकडे तोंड करून विचार करू लागले. नापास होण्याचं भय त्यांना तितकंसं नव्हतं. पण आपण नापास झालो आणि हा पास झाला तर? तर हा त्या केबिनमध्ये बसणार, आणि आपण फाईल घेऊन झुलत्या दारात उभं राहणार, आणि तोंड उघडून याला ‘सर’ म्हणणार. ज्याला नाडी बांधायला शिकवली त्याला ‘सर’! शेरेबुवांनी आरशासमोर एकदा म्हणून पाहिलं. घशातच अडकलं. वर ठसका लागला.

तेव्हा घरी युद्धपातळीवर अभ्यास सुरू झाला. कॉलेजात जाणाऱ्या लेकीने तिची जाडजूड डिक्शनरी काढली आणि ‘टेक’चं पान उघडलं. मग पुढचं उघडलं. मग त्याच्याही पुढचं.

“संपलं नाही अजून?” शेरेबुवांनी विचारलं.

“बाबा, ही तर सुरुवात आहे. बघा हं. औषध घेतात, तिथे टेक. ठीक आहे. पण फोटो आपण काढतो, तो ते घेतात. अंघोळ आपण करतो, तीही ते घेतात. बस पकडायची तरी टेक, वेळ लागला तरी टेक. मुलगी बापाच्या वळणावर गेली तरी टेक.”

“गेलीयस का तू माझ्या वळणावर?”

“नाही, म्हणून तर मला येतंय. आणि विमान उडतं ते टेक ऑफ, माणूस कोट काढतो तेही टेक ऑफ.”

“या लोकांकडे दुसरी क्रियापदं नव्हती का गं?”

“आणि गंमत म्हणजे, परीक्षा आपण देतो ना, ती ते घेतात.”

“मग मास्तर काय करतो?”

“तो देतो.”

शेरेबुवा मुळापासून हादरले. ज्या भाषेत परीक्षेला बसणारा कोण आणि बसवणारा कोण हेच उलटंपालटं आहे, त्या भाषेत बढती मिळवायची कशी? त्यांनी हा विचार मोठ्याने बोलून दाखवला, तेव्हा स्वयंपाकघरातून बायको भांडं पुसत बाहेर आली.

“आपलं तरी काय वेगळं आहे हो? आपल्याला भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, बसला नंबर लागतो, दूधसुद्धा पातेल्याला लागतं. त्या लोकांनी कुणाकडे जाऊन रडायचं?”

“तू मधे बोलू नकोस.”

“बघा. लागलं ना मनाला?” असं म्हणून ती आत निघून गेली.

शेजाऱ्यांना बातमी कुणी दिली हे कधी कळलं नाही. बिल्डिंगमध्ये बातमी द्यावी लागत नाही, ती जिन्यातून आपली आपण चढते. समोरच्या ब्लॉकमधले विमेवाले पहिल्यांदा आले. ते विम्याचे एजंट होते आणि जगातल्या कोणत्याही विषयावर त्यांच्याकडे तयार सल्ला असे, हप्त्याहप्त्याने देण्यासारखा. त्यांचं म्हणणं, पाठांतर हे सगळ्या अनर्थाचं मूळ आहे. भाषा वापरली पाहिजे. दिवसभर उठता-बसता फक्त टेक वापरायचं. शेरेबुवांनी वापरलं. केस कापताना न्हाव्याला इंग्रजीत सांगितलं की बाजूचे थोडे टेक कर. न्हाव्याने त्या भाषेतलं एवढं एकच कळल्यामुळे मान डोलवून सगळेच टेक केले. शेरेबुवा दुकानातून बाहेर पडले तेव्हा त्यांना स्वतःच्या सावलीची ओळख पटेना.

मग वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई आल्या. त्या मुलांच्या शिकवण्या घेत आणि त्यांच्या क्लासमधून दिवसभर खुर्च्या सरकल्याचे आवाज येत. त्या म्हणाल्या, “विमेवाल्यांचं ऐकू नका. डोक्यात जाईल ते हातापायांतून जाईल. प्रत्येक अर्थ अभिनय करून बघा. माझी मुलं तर ‘फॉल’ शिकताना धडाधड पडतात.” खुर्च्यांच्या आवाजाचा उलगडा झाला. शेरेबुवांना हा उपाय शास्त्रशुद्ध वाटला. पण घरात बायको आणि लेकीसमोर अभिनय करायचा म्हणजे सगळा संसार पणाला लावण्यासारखं. म्हणून रविवारी सकाळी ते मुलाखतीचा कोट चढवून एकटेच गच्चीवर गेले.

टेक अ सीट झालं. टेक अ लुक झालं, कपाळावर हात धरून. मग आलं टेक ऑफ. शेरेबुवा कामाला चोख. आधी विमानाचा अर्थ घ्यायचा, मग कोटाचा, असं त्यांनी क्रमाने ठरवलं. त्यांनी दोन्ही हात पसरले, तोंडाने बारीक घरघर आवाज काढला आणि पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत धावत गेले. कठड्याशी थांबले, कोट काढून नीट घडी करून ठेवला, वर चष्मा ठेवला. परत टाकीपाशी आले. पुन्हा हात पसरून कठड्याकडे निघाले.

खालून वॉचमनला यातलं एवढंच दिसलं, म्हणजे कठड्यावर घडी घातलेला कोट आणि त्याच्यावर चष्मा. त्याने एकच बोंब ठोकली. दोन मिनिटांत अर्धी बिल्डिंग खाली आणि अर्धी गच्चीवर. बायको हातात लाटणं घेऊन धावत वर आली, कारण ती पोळ्या करत होती, पण लोकांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला.

“अहो, नाही मिळाली बढती तर नाही मिळाली! मी कधी काही म्हटलंय का? मागे व्हा आधी!”

“अगं, मी विमान आहे,” शेरेबुवा म्हणाले.

गच्चीवरची अर्धी बिल्डिंग एक पाऊल मागे सरकली. शिकवणीच्या बाईंनी खुलासा करायला हवा होता. त्या गर्दीत मागे उभ्या होत्या आणि टाकीवरची गळती निरखत होत्या. विमेवाल्यांनी शेरेबुवांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना जिन्याकडे नेलं आणि अत्यंत प्रेमाने कानात सांगितलं की, “असलं काही करायचं झालं तर पॉलिसी एक वर्ष जुनी लागते.” त्या दिवसापासून शेरेबुवा जिन्यात दिसले की लोक त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागले आणि गच्चीला कुलूप लागलं. ज्यांचे कपडे वर वाळत होते ते कपडे काढायला मात्र शेरेबुवांनाच शिव्या देत वॉचमनकडे चावी मागायला जात.

इतका अपमान सोसूनही अभ्यास पूर्ण झाला होता. एखादा साधा माणूस असता तर गेला असता, पाच मिनिटं बोलला असता, मोकळा झाला असता. पण शेरेबुवांना परीक्षेच्या आधी एकच गोष्ट खुपत होती. परिपत्रकात नुसतं ‘अर्थ आणि उपयोग’ असं म्हटलं होतं. किती अर्थ, हे कुठेच म्हटलं नव्हतं. सगळे सांगायचे तर पाच मिनिटं पुरणार नाहीत. थोडे सांगायचे तर कोणते? उद्या एखादा अर्थ राहिला म्हणून आक्षेप आला तर? त्यांचा हात त्यांच्या नकळत खिशातल्या पेनाकडे गेला. परिपत्रकाच्या खाली त्यांनी आपल्या घोटीव अक्षरात लिहिलं : ‘‘टेक’ या क्रियापदाचे एकूण किती अर्थ अपेक्षित आहेत, याविषयी खुलासा व्हावा.’ आणि फाईल वर पाठवली.

त्या ऑफिसचा एक न लिहिलेला कायदा होता, आणि तो शेरेबुवांना इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत असायला हवा होता. तिथे जो विचारतो त्याच्याच गळ्यात पडतं. पंखा का फिरत नाही असं ज्याने विचारलं तो पंख्यांचा प्रमुख. कूलरला वास का येतो असं ज्याने विचारलं तो त्या वासाचा कायमचा धनी. म्हणून तिथे शहाणी माणसं घामाघूम होत बसत आणि तहान लागली तर घरून बाटली आणत. शेरेबुवांनी आजवर कागदावर विचारलं ते तराजू नि झाडूंबद्दल, तेही दुसऱ्यांच्या. स्वतःच्या मानेबद्दल हे पहिल्यांदाच.

मोठे साहेब फाईल बघून खूश झाले. परीक्षा त्यांना घ्यायची होती आणि स्वतःच्या इंग्रजीबद्दल त्यांना मनातून धाकधूक होतीच. त्यांनी लगेच एक समिती नेमली. तीत स्वतः ते अध्यक्ष, लेखापाल सदस्य, भांडारपाल सदस्य, आणि विषयाचा ऑफिसातला एकमेव अभ्यासू माणूस म्हणून सचिव शेरेबुवा.

शेरेबुवा कृतकृत्य झाले. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, “समितीवर घेतलंय मला.”

“आणि परीक्षा?”

“ती आहेच.”

ती नव्हती. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावून त्यांना चहा दिला. साहेब चहा देतात तेव्हा काहीतरी काढून घेतात हे सगळं ऑफिस जाणून होतं. “शेरेबुवा,” ते म्हणाले, “आता तुम्ही अर्थ ठरवणार आणि तुम्हीच परीक्षेला बसणार, हे बरं दिसेल का? तुमच्यासारख्या तत्त्वाच्या माणसाला मी सांगायला नको.”

तत्त्वाचा माणूस म्हटल्यावर शेरेबुवांनी परीक्षेतून आपलं नाव मागे घेतलं आणि कप तोंडाला लावला. चहा मात्र जीभ पोळेपर्यंत गरम होता.

समितीची बैठक झाली. शेरेबुवांनी आपली सगळी टिपणं वाचून दाखवली. लेखापालांचं म्हणणं पडलं की जो अर्थ घेण्याचा नाही तो त्यांना मान्य नाही. भांडारपाल म्हणाले की घेतल्याची पोच असल्याशिवाय कोणताही अर्थ ग्राह्य धरू नये. अध्यक्षांना दुपारच्या वेळी डुलकी लागत होती. ती घेतात की काढतात यावर थोडा वाद झाला आणि त्या आवाजाने त्यांना जाग आली. “एकमत होईल एवढं ठेवा,” ते म्हणाले. तिघांचं एकमत होत होतं ते एकाच अर्थावर. तेव्हा सचिवांनी, म्हणजे शेरेबुवांनी, स्वतःच्या घोटीव अक्षरात निर्णय लिहिला की उमेदवाराने किमान एक अर्थ सांगितल्यास तो उत्तीर्ण समजावा, आणि बोलायला कमी पडल्यास उरलेला वेळ माफ करावा.

होयबा आत गेला. दार झुलायचं थांबायच्या आत बाहेर आला.

“काय सांगितलंस?”

“घेणे,” होयबा म्हणाला. “मग हसलो.”

शेरेबुवांची शिवून आलेली मरून उशी कपाटाच्या वरच्या खणात गेली. बायकोने एका शब्दानेही काही म्हटलं नाही, आणि म्हटलं नाही म्हणूनच शेरेबुवांना ते जास्त झोंबलं. कुणी बोललं असतं तर निदान भांडता आलं असतं.

आता प्रश्न ‘सर’चा होता. होयबा केबिनमध्ये बसायला लागला आणि शेरेबुवांनी शपथ घेतली की काही झालं तरी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ‘अरे’ म्हणणं तर आता शक्य नव्हतं. मग राहिलं काय? झुलत्या दारात उभं राहून ते खाकरायचे आणि म्हणायचे, “ऐकलंत का?” आतून होयबा म्हणायचा, “हो, बोला ना.” मग शेरेबुवा म्हणायचे, “अहो, ही फाईल बघता का जरा?” चारच दिवसांत टायपिस्ट बाई तोंडाला रुमाल लावून बाहेर पळू लागल्या. कुणीतरी म्हणालं, नवराबायकोचं छान चाललंय. शेरेबुवांच्या कानावर ते गेलं. मानी माणूस तो, रात्री त्याला जेवण गेलं नाही. पण शपथ काही त्यांनी मोडली नाही.

आणि मग, सगळीकडच्या परीक्षा होईपर्यंत बंद असलेला संचालिका बाईंचा फोन आला.

फोन वाजला तेव्हा होयबा केबिनमध्ये एकटाच होता. त्याने रिसीव्हर उचलला, ऐकलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. रिसीव्हर छातीशी घट्ट दाबून तो झुलत्या दाराच्या दिशेने ओरडला, “शेरेबुवा!” शेरेबुवा आत गेले. होयबाच्या डोळ्यांत पाणी होतं. “ती सारखं काहीतरी विचारतेय हो. मी दोनदा येस म्हटलं तर रागावली. तुमच्या पाया पडतो, तुम्ही बोला. माझं नाव सांगून बोला. नाहीतर मला कच्चा खाईल ती.”

शेरेबुवांना वाटलं, बरी खोड मोडली. खाऊ दे. पण त्याच वेळी त्यांच्या जिभेवर महिनाभर साठलेलं ते सगळं इंग्रजी वळवळायला लागलं. न्हाव्याने ऐकलं नाही, गच्चीने ऐकलं नाही, समितीने तर कापूनच टाकलं. इथे एक बाई पलीकडे थांबली होती आणि तिला ते ऐकायचं होतं. शिवाय त्या फोनची वायर आखूड होती. बोलणाऱ्याला सेक्शन हेडच्या खुर्चीतच बसावं लागे.

शेरेबुवा बसले. रिसीव्हर कानाला लावला आणि झक्क इंग्रजीत म्हणाले की मॅडम, विलंबाबद्दल क्षमा असावी, तराजूंच्या तपासणीचं काम आम्ही कालच हाती घेतलं आहे. टेक अप. पलीकडून बाईंचा आवाज आला, एकदम मऊ. अखेरीस, त्या म्हणाल्या, या खात्यात एक माणूस भेटला.

त्यानंतर रोज सकाळचा शिरस्ता पडला. फोन वाजला की होयबा उठून उभा राहायचा, शेरेबुवा खुर्चीत बसायचे आणि बोलायचे. काय बोलायचे! टेक इन, टेक आउट, टेक ओव्हर, टेक स्टॉक, डिक्शनरीतलं एकही पान त्यांनी वाया जाऊ दिलं नाही. संचालिका बाई हसायच्या. एकदा तर त्यांनी त्यांच्या आईच्या गुडघ्याबद्दलही सांगितलं. बोलणं संपलं की शेरेबुवा उठायचे, होयबा बसायचा आणि शेरेबुवा दारात जाऊन म्हणायचे, “ऐकलंत का, ती वाण्याची फाईल ठेवलीय.” खुर्चीत जेवढा वेळ बसायला मिळे तेवढ्यात त्यांना फार बरं वाटे. उठताना मात्र रोज थोडं मेल्यासारखं होई.

एके सकाळी बाई नेहमीपेक्षा खुशीत होत्या. त्या म्हणाल्या की तुमच्यासारखं इंग्रजी बोलणारा सेक्शन हेड आम्हाला दुसरा सापडलेला नाही, तेव्हा मी तुम्हाला याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाषा-प्रशिक्षण अधिकारी करते आहे. सगळ्या सेक्शन हेडांना तुम्ही शिकवायचं. मोठी जागा आहे. अभिनंदन.

“थँक यू, मॅडम,” शेरेबुवा म्हणाले, आणि समोर उभ्या असलेल्या होयबाकडे बघून त्यांचं काळीज तुटलं. हा मेला आणखी वर चालला. तोही आपल्याच जिभेवर बसून.

“आता प्रश्न असा,” बाई म्हणाल्या, “की तुमच्या खुर्चीवर बसवण्यासारखं तिथे कुणी आहे का?”

शेरेबुवा खुर्चीत सरसावून बसले. समोर होयबा नखं खात उभा होता. त्याला यातलं काही कळत नव्हतं. शेरेबुवांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. ते स्वतःबद्दल बोलू लागले. इंग्रजीत, मन लावून. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, ते कोणतंही काम अंगावर घेतात, कुणाचा फायदा घेत नाहीत, श्रेय घेत नाहीत, अपमान मुकाट घेतात, टेक, टेक, टेक. आयुष्यात हा माणूस गृहीत धरला गेला, टेकन फॉर ग्रँटेड, असं म्हणताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. होयबा घाबरून त्यांना पाणी देऊ लागला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे तो? किती अर्थ म्हणून विचारणारा? अहो, त्याला इंग्रजी येत नाही, म्हणून तर परीक्षा टाळायला त्याने तो कागद पाठवला, असं मला तुमच्या मोठ्या साहेबांनी सांगितलंय.”

“मॅडम, त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच चांगलं आहे.”

“तुमच्याइतकं कुणाचंच नाही.”

शेरेबुवांचा तोल सुटला. मान, तत्त्व, खुलासा, सगळं गेलं. “मॅडम,” ते म्हणाले, “तो मीच आहे! रोज बोलतो तो मी. या माणसाला घेणेच्या पुढे एक शब्द येत नाही!”

 मग बाई जोरजोरात हसू लागल्या. एवढ्या हसल्या की त्यांना खोकला आला. “कमाल आहे तुमची,” त्या म्हणाल्या. “हाताखालच्या माणसासाठी स्वतःला गाढव म्हणवून घ्यायलाही तयार आहात! असा अधिकारी मी पाहिला नाही. ठीक आहे. तुमच्या शब्दाखातर त्याला देते ती खुर्ची. पण एक अट. तुमचा पहिला विद्यार्थी तोच. त्याचं इंग्रजी सुधारलं असं तुम्ही सांगितल्यावरच त्याला कायम करीन.”

फोन बंद झाला. शेरेबुवा रिसीव्हर हातात धरून बसून राहिले.

“काय म्हणाल्या?” होयबाने विचारलं. “रागावल्या का?”

“तुम्हाला बढती मिळाली. वरच्या मजल्यावर. आणि ही खुर्ची मला.”

“तुम्हाला? कशी काय?”

“तुम्ही माझी शिफारस केलीत.”

“मी?”

“फार जोरदार केलीत. हट्टच धरलात.”

होयबाने क्षणभर विचार केला. पण समोरचा माणूस म्हणतोय त्याला नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. “केली असेल,” तो म्हणाला. मग हळूहळू त्याची पाठ ताठ झाली, चेहऱ्यावर तेज आलं. “केली असेल म्हणजे काय, केलीच. माणसं ओळखतो मी, शेरेबुवा. आजवर तुमच्यासाठी कुणी शब्द टाकला नव्हता ना?”

“नाही,” शेरेबुवा म्हणाले, आणि ते खरं होतं.

होयबाने मोठ्या मनाने हात पुढे केला. केबिनच्या काचेपलीकडे टायपिस्ट बाई, लेखापाल, भांडारपाल सगळे माना उंचावून बघत होते. शेरेबुवांनी एकदा खुर्चीच्या हातांवरून तळवे फिरवले. खुर्ची त्यांच्या मापाची होती, त्यांची होती, फक्त एक माणूस त्यांचं इंग्रजी सुधारलं असं म्हणेपर्यंत थांबायचं होतं. ते उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी होयबाचा हात धरला आणि केबिनबाहेरही स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “थँक यू, सर.”

ठसका लागला नाही. शब्द चांगला मऊसूत निघाला. होयबा म्हणाला, “बसा, बसा,” आणि शेरेबुवा बसले.